ठिकाण: दीपमालाचं घर

दीपमालाला मार खायची सवय झालीय, असं कंपनीतले लोक म्हणायचे. सवय कसली डोंबलाची! माराची कधी कुणाला सवय होते? सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कंपनीत पत्र्याचे सुटे भाग बनायचे. तिथं ती कॉम्प्युटर सांभाळायची आणि नवरा ज्ञानेश पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होता. ती सुजलेला गाल घेऊन आली की पॅकिंगच्या कुसाबाई नजर चुकवून म्हणायच्या, "नवराबायकोचं हाय बाई, आपण मधी पडू नाय."

याच दीपमालाने कंपनीची मोठी अडचण सोडवली होती. गॅस गळला, मशीन बिघडलं की ईमेल जायचा आणि साहेबांच्या कॉम्प्युटरवर पडून राहायचा. कामगार कुठले ईमेल बघतायत? दीपमालाने खटपट करून एक सॉफ्टवेअर बसवलं. ईमेलच्या विषयात जागा लिहिली की सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज जायचा, 'धोका. ठिकाण अमुक. ताबडतोब पोहोचा.' मेसेज आला की प्रश्न विचारायचे नाहीत, स्ट्रेचर आणि आग विझवायचा सिलिंडर उचलून पळायचं, हे तिनेच दर महिन्याच्या सरावात सगळ्यांकडून घोटून घेतलं. शेवटी कुसाबाई एकेकाचं नाव पुकारायच्या आणि ज्याने त्याने 'हजर' म्हणायचं.

एक घोळ मात्र तिच्याकडून झाला. घरी चाचणी घेताना दुसरा फोन नव्हता, म्हणून तिने ज्ञानेशचा नंबर सगळ्यात वर टाकला आणि तो तसाच राहिला. मेसेज एकामागून एक जायचे, पहिला त्याला.

चाचणीच्या दिवसांत कंपनीतून तिला सारखे फोन यायचे आणि ज्ञानेशच्या डोक्यात संशयाचं भूत शिरलं. घर कंपनीच्या मागच्याच गल्लीत. त्या दिवशी त्याची दुपारची पाळी होती. सकाळी ती कामावर निघाली तेव्हा त्याने आतून कडी घातली.

"कोण हाय तो?" केस धरून त्याने तिचं डोकं ओट्यावर आपटलं. लाटणं तिच्या पाठीवर मोडलं तेव्हा त्याने पिशवीतून लोखंडी पाना काढला. पहिल्याच घावात तिचा जबडा सरकला. "आज तुला जित्ती सोडत नाय," तो म्हणाला, अगदी शांतपणे, आणि तो खरंच सोडणार नाही हे तिला कळलं.

ती कशीबशी मोरीत घुसली आणि पाठीने दार दाबून बसली. फोन लावून बोलणार काय, तोंडात नुसतं रक्त. तिने ईमेल उघडला, विषयात 'दीपमालाचं घर' लिहिलं आणि पाठवून दिला.

दाराबाहेर त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने वाचलं आणि हसला. "मलाच धाडतीस व्हय?" घरच्या चाचणीसारखा फक्त आपल्यालाच आलाय असं वाटलं त्या मूर्खाला. लाथेने दार मोडून तो आत आला. तिच्या हातावर बुटाची टाच देऊन त्याने फोन फोडला, आणि फोनखालची बोटंही. मग पाना वर गेला, एकदा खांद्यावर, एकदा बरगडीत. ती ओरडायची थांबली.

तेवढ्यात बाहेरच्या दारावर स्ट्रेचरचे दांडे धडाधड आदळायला लागले. कडी उखडून पडली. कुसाबाई सगळ्यांच्या पुढे, खांद्यावर सिलिंडर. त्यांनी रक्त पाहिलं, ज्ञानेशच्या हातातला पाना पाहिला आणि पांढऱ्या पावडरीचा फवारा सरळ त्याच्या डोळ्यांत मारला. तो कोसळला. मग पॅकिंगच्या बायकांनी त्याला बुटांनी असा तुडवला की पाना हातातून कधी सुटला ते त्यालाही कळलं नाही. त्या हाताची हाडं मोडली. हळहळ कुणालाच वाटली नाही.

अंगणात, सरावासारखंच, कुसाबाई नावं पुकारायला लागल्या. "दीपमाला." स्ट्रेचरवरून बोलता येईना, तिने चांगला हात वर केला. कुसाबाईंना रडू आवरेना. "लय उशीर केला गं आम्ही," त्या म्हणाल्या. ज्ञानेश उंबऱ्याशी पडून कण्हत होता. त्याचं नाव त्यांनी घेतलंच नाही, पुढचं घेतलं.