धुराआधीची हाक

अकारोआ हे न्यूझीलंडमधलं टीचभर गाव, पण रस्त्यांची नावं फ्रेंच. हिवाळ्यात इथला धूर वर जातच नाही. शेजारचे म्हातारबुवा घर उबदार ठेवायला लाकडं जाळायचा बर्नर पेटवण्याआधी रोज कुंपणापाशी येऊन विचारायचे, “कपडे आत घेतलेस ना, मेट?” मी ‘हो’ म्हणेपर्यंत काडी ओढायचे नाहीत.

माझ्या मुलीचा खोकला वाढला, तेव्हा त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं सोडून मी काउन्सिलकडे गुपचूप तक्रार केली. बर्नर फार जुना निघाला. काउन्सिलने तो बंदच करायला लावला.

काल म्हातारबुवा ओव्हरकोट घालून, हात चोळत कुंपणापाशी आले. “कपडे राहू देत बाहेर. आता धूर नाही. पोरीचा खोकला थांबला ना?”

मी ‘हो’ म्हणालो. आत ती खोकतच होती.