मी बदललेलं बाबांचं युद्ध

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — कारण बाबा गेले, आणि खरं काय ते आता फक्त मला माहीत आहे.

बाबा सैन्यात होते. एकाहत्तरच्या लढाईत होते म्हटलं की लोक सरसावून बसायचे. पण बाबांनी एकही गोळी झाडली नव्हती. लढाई संपल्यावर पकडलेल्या पाकिस्तानी सैनिकांच्या छावणीवर ते पहारा देत. थंडी, कंटाळा, तारेचं कुंपण. आणि याकूब.

याकूब मुलतानकडचा कैदी. मी गावी जन्मले, ती बातमी बाबांना छावणीत कळली. त्यांनी सोबत्यांना गूळ वाटला आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून एक खडा तारेतून याकूबलाही दिला. कळलं असतं तर शिक्षा होती. याकूबनं दोन्ही हात वर करून माझ्यासाठी दुआ मागितली. त्याचीही लहान मुलगी होती तिकडे. लहानपणी मी ही गोष्ट बाबांकडून पुन्हा पुन्हा ऐकायचे. माझ्या जन्माची गोष्ट म्हणजे तीच.

मग मोठी झाले, सिनेमे पाहिले. तिथे युद्ध म्हणजे स्फोट, जखमी मित्राला खांद्यावर घेऊन गोळ्यांतून धावणं, त्यानं आईचं नाव घेत प्राण सोडणं. पहारा कुठेच नव्हता. गूळ तर नाहीच. हळूहळू मला बाबांचं युद्ध — कसं सांगू — कमी वाटायला लागलं.

काही वर्षांपूर्वी बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या सोसायटीतल्या सगळ्यांनी मिळून एक नवा युद्धपट पाहिला. बाहेर पडताना घोषणा, शिट्ट्या. लगेच सव्वीस जानेवारीला सेक्रेटरी मेहताभाईंनी बाबांचा सत्कार ठेवला. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी याकूबचीच गोष्ट सांगणार होते. खरंच. पण माइक हातात आला, समोर तेच थिएटरात ओरडणारे चेहरे — आणि मी घाबरले. शत्रूला गूळ दिला, हे यांना सांगू? तोंडातून सिनेमा बाहेर पडला. जखमी मित्र, खांदा, गोळ्या, आईचं नाव. कुठल्या एका सिनेमातलं नव्हतं; सगळ्यांतलं थोडं थोडं. कुणालाही शंका आली नाही. येईल कशी? सगळ्यांनी ते आधीच पाहिलं होतं ना.

बायका डोळे पुसत होत्या. बाबा पहिल्या रांगेत.

“अंकल, उस दोस्त का नाम तो बताइए,” मेहताभाईंनी माइक त्यांच्यापुढे धरला.

मेलेच मी. एका वाक्यात ते मला उघडं पाडू शकले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत.

“याकूब,” बाबा म्हणाले. “बहुत अच्छा आदमी था.”

टाळ्या थांबेनात. सुखरूप घरी परत गेलेल्या माणसाला मी मारून टाकलं होतं, आणि बाबांनी निदान त्याचं नाव वाचवलं. मलाही वाचवलं.

लिफ्टमध्ये मी “बाबा, मी —” एवढंच बोलू शकले.

“हात किती गार पडलेत तुझे,” ते म्हणाले, आणि आमचा मजला येईपर्यंत माझे हात धरून उभे राहिले. पुढे विषय काढला नाही. कधीही खोटं न बोललेला माणूस, पण बिल्डिंगमध्ये कुणी ती गोष्ट काढली की नुसते हसायचे. माझ्यासाठी. आणि तिकडे छावणीत याकूबनं मला न पाहताच माझ्यासाठी हात वर केले होते. एवढं सगळं मला न मागता मिळालं! आठवलं की आधी ऊर भरून येतो. लाज त्याच्यामागून येते.

गेल्या वर्षी बाबा गेले. शोकसभेत मेहताभाईंनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. माझी मुलगी शेजारी बसून रडत ऐकत होती. तेव्हा बोलता आलं असतं. आता बाबांना कुणाला तोंड द्यायचं नव्हतं, फक्त मला द्यायचं होतं. मी हात जोडून गप्प उभी राहिले.

मुलीला तिचे आजोबा आजही सिनेमातलेच माहीत आहेत. ते मी केलं.