बोटभर फट

सादबर्गला झोपलेल्या माणसांचे श्वास मोजायची सवय होती. आमच्या गल्लीत सगळ्यांना ती ठाऊक होती. लग्नघरात दुपारी बायका लवंडल्या की ही एकटी भिंतीला टेकून बसायची आणि तिचे ओठ हलत राहायचे. कोणी हसत नसे. पाच वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण हुस्निया खुजंद शहरातल्या नव्या फ्लॅटमध्ये दोन मुलांसह गुदमरून गेली होती. वीज नव्हती, म्हणून घमेल्यात निखारे आणून मेजाखाली ठेवलेले, खिडक्या घट्ट लावलेल्या. दार सादबर्गनेच उघडलं. नान मोडून ठेवलेली होती आणि तिघांच्या गालांवर लाली होती. तब्येत सुधारल्यासारखी दिसत होती, असं ती सांगायची. त्यापुढे बोलायची नाही.

तिचा नवरा तोलिब अठरा वर्षं परदेशात, येकातेरिनबुर्गमध्ये लोकांच्या घरांत लाकडी फरशी बसवत होता. इस्तरवशनमधल्या त्याच्या घरात मात्र मातीची जमीन होती, वर लोकरीचे नमदे आणि मधोमध संदलीचा खड्डा. खड्ड्यात निखारे, वर ठेंगणा चौरंग, चौरंगावर जाड रजई. हिवाळाभर सगळ्यांनी पाय आत घालून बसायचं. खिडक्यांच्या चौकटी वाकलेल्या होत्या, दाराखालून वारा यायचा. निखाऱ्यांतून जे काही निघे ते त्या फटींतून निघून जाई. घर गळकं होतं म्हणून माणसं जिवंत होती, हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. सादबर्गच्या होतं.

गेल्या वर्षी तोलिब कायमचा परत आला. पहिल्याच आठवड्यात त्याने बैठकीच्या खोलीचं माप घेतलं. सहा बाय चार मीटर.

"खड्डा बुजवू, विजेची शेगडी लावू. भिंतीपासून भिंतीपर्यंत एकसंध फरशी. खिडक्या नव्या, दारही नवं. गिऱ्हाईक घरी येणार, फरशी बसवणाऱ्या उस्ताच्या घरातच खड्डा दिसला तर काम कोण देईल?"

"फरशी करू या की," ती म्हणाली. "खिडक्या पुढच्या वर्षी. चोवीस मीटरला नव्वदप्रमाणे एकवीसशे साठ सोमोनी तिथेच गेले. खालचा फोम, कडेच्या पट्ट्या वेगळ्या. कुठून आणणार?"

"अठरा वर्षं तूच रडत होतीस ना, थंडी वाजते म्हणून?"

"मी कुठे रडले? तुमच्या आईच रडत होत्या."

कोपऱ्यातून म्हातारी ओया सुनेला म्हणाली, "मी तुझ्या नावाने रडत होते."

भीती बोलून दाखवायची तिला लाज वाटे, म्हणून ती खर्चाची ढाल पुढे करी. तोलिबला वाटलं, बायको चिक्कू झाली. बाजारात तो फळ्या वाजवून, नाकाशी धरून पाहत होता. अक्रोडी रंग त्याला आवडला. धूळ दिसेल, ती म्हणाली. दुकानदार म्हणाला, "आपा, धूळ दिसली तरच सून झाडते." दोघेही हसले. त्या हसण्यातच खिडक्या ठरल्या, दार ठरलं, आणि दाराच्या खालच्या कडेला लावायची रबराची पट्टी दुकानदाराने फुकट दिली.

काम देखणं झालं. तोलिब गुडघ्यांवर सरकत फळी फळीत बसवत होता. भिंतीजवळ आला की लाकडाचा तुकडा मध्ये घालून बोटभर फट सोडी.

"ही कशाला?"

"फळी फुगते, आकसते. जागा ठेवली नाही तर मधूनच उचलते. वरून पट्टी लावली की कोणाला दिसत नाही."

त्या रात्रीपासून ती तिघांचे श्वास मोजू लागली. नवऱ्याचे, सासूचे आणि स्वतःचे. स्वतःचे मोजताना नेहमी चूक व्हायची.

कडाक्याच्या चाळीस दिवसांत वीज सकाळी दहाला जाई ती पाचला येई. एके दिवशी तोलिब कामावर होता. अंगणातल्या नळाला बर्फ धरला होता. ओयाचे पाय निळसर पडले.

"निखारे आण."

"ओया, वीज येईल पाचला."

"पाचपर्यंत मी नसेन. आण म्हटलं ना."

तिने घमेल्यात निखारे आणले, फरशी जळू नये म्हणून विटांवर ठेवले, वर चौरंग, वर रजई. मग खिडकी उघडली.

"गल्लीला ऊब देतेस का? लाव ती."

तिने लावली. सासूचा शब्द होता आणि समोर ते पाय होते.

खोली शांत झाली. पूर्वी या खोलीत सतत काहीतरी वाजायचं, चौकट करकरायची, दाराखालून वारा शीळ घालायचा. आता फक्त निखारे तडकत होते. सादबर्ग बोलत राहिली. लग्नातला पुलाव कोणी रांधला होता, ओयाच्या माहेरी जर्दाळूची झाडं किती होती. ओया आधी उत्तरं देत होती, मग हुंकार, मग काहीच नाही. मान कलली होती. आणि गालांवर लाली होती.

ऊब की दुसरं काही, हे चेहऱ्यावरून कळत नाही. तिला ते माहीत होतं. तिने तो चेहरा तीनदा पाहिला होता.

तिने दार उघडलं, गादीची दोन टोकं धरली आणि म्हातारीसकट गादी ओढत ओसरीवर नेली. बर्फावरून आलेला वारा लागताच ओयाने डोळे उघडले.

"मेले वाटलं की काय? की मारायलाच बाहेर आणलंस?"

सादबर्गला हसू येईना, रडू येईना. तिचं डोकं दुखत होतं. भीतीनेही दुखतं. कशाने दुखत होतं, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

तिने निखारे बर्फात ओतले. मग तोलिबची करवत घेतली.

पाचला तो आला. वीजही आली. नवं दार खालून वीतभर कापलेलं होतं, कड वेडीवाकडी, रबराची पट्टी अंगणात पडलेली. दोन मिलिमीटरची चूक दिसली तरी त्याला जेवण जात नसे.

"कोणी केलं?"

"मी."

"का?"

"फळ्यांना जागा ठेवलीत ना? त्या फुगतात म्हणून." तिने भिंतीकडेच्या पट्टीकडे बोट दाखवलं. "आम्हाला कुठे ठेवलीत?"

तोलिब बूट काढून फरशीवर पालथा पडला आणि दाराखालच्या फटीशी गाल नेला. गार वारा त्याच्या डोळ्यांत जात होता. बराच वेळ तो तसाच पडून राहिला. ओया म्हणाली, "आता याला ओढून बाहेर काढ."

दुसऱ्या दिवशी त्याने दार बदललं नाही. कापलेली कड तासून सरळ केली आणि छताजवळ भिंतीला मुठीएवढं भोक पाडलं. निखारे घरात आणायचे नाहीत, असंही सांगितलं. ते पाळलं जाईल, यावर दोघांचाही विश्वास नव्हता.

वसंतात एक नवं जोडपं फरशी बघायला आलं. बायको वाकून फळ्यांवर हात फिरवत होती, नवरा मनात हिशेब करत होता. मग तो दाराकडे बघून म्हणाला, "उस्ता, दार आखूड झालंय."

"मापाचं आहे," तोलिब म्हणाला. आणि भाव सांगण्याआधी त्याने विचारलं, "वीज गेली की तुम्ही घरात काय पेटवता?"

नवरा हसला. बायको हसली नाही. सादबर्ग चहा घेऊन उंबऱ्यात थांबली होती. ती त्या मुलीकडे पाहत होती. मुलीला सातवा महिना असावा.