आबांची पिकअप हलकी करताना

चहा यायच्या आत सांगून टाकतो. घोट तोंडात असताना ऐकलंत तर नाकातून बाहेर येईल आणि त्याचा ठपकाही माझ्यावरच बसेल. असा पचका आमच्या खानदानात दुसऱ्या कुणाचा झालेला नाही. झाला असेल तर त्यानं शहाण्यासारखं तोंड बंद ठेवलं असणार. मला ते जमत नाही.

अर्धापूरजवळ आमचा केळीचा मळा आहे, हे तुम्हाला माहीत आहे. आणि आमच्याकडं एक जुनी पिकअप आहे. आमची म्हणायची इतकंच, गाडी आबांची. आबा म्हणजे माझे वडील. तिनं आयुष्यभर केळी वाहिली. मधे एकदा माझ्या लग्नाचं वऱ्हाड वाहिलं, तर सगळ्या पाहुण्यांच्या नव्या कपड्यांना केळीच्या चिकाचे डाग पडले. सासरचे अजून विषय काढतात. आबा तिला धुतात ते बैल धुतल्यासारखं, पाठीवरून हात फिरवत.

आता केळ हे फार रुसवं फळ आहे. वळणावर गाडीला झटका बसला की घड एकमेकांवर घासतात, संध्याकाळपर्यंत काळे डाग दिसायला लागतात, आणि व्यापारी तर तोंड वाकडं करायला टपलेलाच असतो. म्हणून आबांनी मला गाडी शिकवली ती एका वाक्यात. "वळण आलं की पाय उचल." बस. एवढंच माझं ड्रायव्हिंग स्कूल.

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर नांदेडला माझा एक दोस्त आहे, खलील. त्याचं गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे आणि बोलणं असं की बंद पडलेली गाडीसुद्धा त्याच्या भिडेनं चालू व्हावी. एक दिवस त्यानं मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. मोकळ्या मैदानात लाल प्लास्टिकचे शंकू मांडलेले, आणि एक गाडी त्यांच्यामधून नागमोडी पळून राहिली. ह्याला ऑटोक्रॉस म्हणतात. एका वेळी एकच गाडी सोडतात. शंकू पाडला की वेळेत दंड, आणि ज्याला सगळ्यात कमी वेळ लागला तो पहिला.

"लातूर में होने वाली है," खलील म्हणाला. "पुरानी माल ढोने वाली गाडियों का अलग गट है. उसमें कौन आता है? पहला नंबर अपनाच."

आता मला सांगा, शाळेपासून आजपर्यंत ज्याचा कशातच नंबर आला नाही, त्याला कुणी असं म्हटलं तर त्यानं काय करावं? मी हो म्हणालो. आबांना विचारलं का? नाही विचारलं. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून नाही विचारलं. घरी सांगितलं की गाडी नांदेडला कामाला टाकलीय. तसं ते खोटं नव्हतं. काम चालूच होतं.

खलीलचं सगळं शास्त्र एका शब्दात मावत होतं. हलकी. "बालाजी, जितनी हलकी, उतनी तेज." मग आम्ही तिला सोलायलाच लागलो. मागचा फाळका काढला, बाजूचे कठडे काढले, स्टेपनी काढली. ड्रायव्हरशेजारची सीट काढली. जास्त माल बसावा म्हणून आबांनी मागं स्प्रिंगचे जादा पाटे टाकून घेतले होते, तेही उतरवले, तशी गाडी खाली बसली. बुटकी, रुंद टायरांची, एकदम गुंडासारखी दिसायला लागली. मला आवडली, खोटं कशाला बोलू. पण रोज झोपताना दिवस मोजायचो. पुढच्या आठवड्यात काटणी होती. त्याच्या आत हे सगळं जिथल्या तिथं परत बसवायचं होतं, आणि आबांच्या नजरेतून ढिला नटसुद्धा सुटत नाही.

राहता राहिला डॅशबोर्डवरचा खंडोबा. पितळेची छोटी मूर्ती, गाडी घेतली त्या दिवशी आबांनी स्वतः बसवलेली. तिचं वजन ते काय असणार? पण मला भीती वाटली. वळणावर देव उडून पायाशी पडला तर ते पाप कुठं फेडू? म्हणून मी मूर्ती अलगद काढली, धुतलेल्या रुमालात गुंडाळली, वर हळदीकुंकू वाहिलं, आणि नांदेडहून आणून मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत ठेवून दिली. वर केळीची पानं झाकली. माझ्या हुशारीवर मी खूश होतो.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही लातूरला पोचलो. मैदानात गाड्या रांगेत उभ्या होत्या. माझ्या दारावर कुणीतरी मोठ्या आकड्यात नंबर चिकटवला. पट्टेवाले जाकीट घातलेली दोन माणसं आली, बॉनेट उघडून बघितलं, टायरला लाथ मारली, कागदपत्रं मागितली. मी गाडीचे सगळे कागद दाखवले. तेवढ्यात बायकोचा फोन.

"अहो," मीरा म्हणाली, "आबा तिकडं आले का?"

माझ्या हातातले कागद खाली पडले. "तिकडं म्हणजे कुठं?"

"लातूरला. सकाळी मळ्यातल्या खोलीत गेल्ते, तिथून थेट माझ्याकडं आले. मला विचारलं, बाल्या कुठं हाय. मी म्हटलं, लातूरला गेलेत, खलीलभाईंनी मैदानाचं नाव सांगितलंय. मग म्हणले, गाडीचे कागद घरी हायेत का बघ. मी बघितलं. म्हटलं, कागदं तर त्यांनीच नेलेत. तर लगेच उठले. गमछा खांद्यावर टाकला आन् एसटीला बसले."

"चिडले होते का?"

"चिडले असते तर बरं झालं असतं. डोळे पुसून राहिले होते."

आता तुमच्या ध्यानात आलं का? माझ्या तर तेव्हाच आलं. आमच्याकडं चालत्या गाडीतला देव कुणी काढत नाही. गाडी जळो, पडो, देव तिथंच. देव फक्त एकाच वेळी काढतात. गाडी विकताना. गाडी दुसऱ्याच्या दारात जाते, देव आपल्या घरी येतो. आणि मी तो कसा काढला होता? स्वच्छ रुमालात, हळदीकुंकू वाहून. वर कागद घेऊन, आबांना न सांगता, दुसऱ्या जिल्ह्यात. पोलिसांनासुद्धा ह्याहून पक्का पुरावा मिळत नाही.

"आबांना वाटतंय मी गाडी विकतोय," मी खलीलला म्हणालो.

खलीलनं आजूबाजूला बघितलं. रांगेत उभ्या जुन्या गाड्या, दारांवर नंबर, बॉनेटात डोकं घातलेली माणसं. तो हळूच म्हणाला, "यार, लग तो वैसाच रहा है." आणि चहा आणतो म्हणून जो गेला तो मला पुढं अर्धा दिवस दिसला नाही.

आणि मग फाटकातून आबा आले. पांढरा पायजमा, टोपी, खांद्यावर गमछा, खिसा फुगलेला. मला दुसरं काही सुचलं नाही. मी शर्यतीसाठी आणलेलं हेल्मेट घातलं आणि काच खाली ओढली. मोठा माणूस आहे मी, दोन लेकरांचा बाप आहे, आणि बापाला भिऊन हेल्मेटमध्ये लपलो. हसा, हसा. मला त्या वेळी ते फार सुरक्षित वाटलं होतं.

आबांनी आधी गाडीला एक फेरी मारली. फाळका नाही, कठडे नाहीत. मागं वाकून बघितलं, पाटे नाहीत. त्यांनी तिच्या पत्र्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडं आले.

"राम राम," ते म्हणाले. "ही गाडी तुम्हीच घेऊन राहिलाव जणू?"

मी बोललो तर आवाज ओळखतील. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही. हेल्मेट इतकं जड होतं की ते आपलंच गदागदा हललं.

"हे बघा," आबा म्हणाले, "पोरगं माझं हाय. त्याची काही तरी अडचण असंल, त्याबिगर न्हाई इकायचं. त्याला काही बोलू नका. मी बी बोलणार न्हाई. पर गाडी मला पायजे. तुम्ही म्हणताल तो भाव देतो."

हेल्मेटच्या आत माझ्या डोळ्याला पाणी आलं. तेव्हाच काच वर करून पाया पडलो असतो तर विषय मिटला असता. पण मी तो क्षण घालवला, कारण तेवढ्यात आबांनी माझा हात धरला आणि वरून गमछा टाकला.

माळेगावच्या जत्रेत जनावरांचा सौदा असाच होतो. दोघांचे हात कापडाखाली, भाव बोटं दाबून सांगायचा, शेजारच्याला कळता कामा नये. आबांनी आयुष्यभर बैल असेच घेतले. आणि सौदा ठरला की पंजा घट्ट आवळायचा. मग त्यातून माघार नाही, देवाची आण घातल्यासारखं.

आबांनी बोट दाबलं. माझा हात भीतीनं लटपटला. त्यांना वाटलं, मी जास्त मागतोय. त्यांनी वाढवून दाबलं. माझा हात आणखी लटपटला. त्यांनी आणखी वाढवलं. मला थांबवायचं होतं, म्हणून मी हात मागं ओढला, तर त्यांनी तो पुन्हा धरून एकदम मोठा भाव दाबला. भोवती माणसं जमा झाली. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग काढून राहिलं होतं. घाम माझ्या भुवईवरून डोळ्यात, डोळ्यातून मिशीत. शेवटी माझा हात सुन्न पडला, तसा आबांनी पंजा आवळला. सौदा झाला.

गमछा काढून त्यांनी झटकला, खांद्यावर टाकला, आणि म्हणाले, "आता टोपडं काढ बाल्या. जीव गुदमरंल."

मी हेल्मेट काढलं. "आबा, तुम्हाला... कधी कळलं?"

"पहिल्याच बोटाला." त्यांनी माझा हात वर धरला. करंगळीशेजारचं माझं बोट वाकडं आहे, हे तुम्ही बघितलंय. शाळेत असताना ह्याच गाडीच्या फाळक्यात सापडलं होतं. "फाळका मीच आदळला होता. हे बोट मला कळणार न्हाई व्हय?"

"मग पुढं भाव कामून करत बसला?"

"म्हटलं बघावं, माझीच गाडी मला कुठवर महाग इकतूस."

भोवतीची माणसं हसली. मी मग सगळं सांगितलं, शर्यत, शंकू, खलील, हलकं करणं, परत बसवणं. देव का काढला तेही सांगितलं. ते ऐकून त्यांचा चेहरा निवळला. त्यांनी मैदानाकडं बघितलं.

"म्हंजी हितं माल कुठून कुठं न्यायचा?"

"माल नसतोय आबा. नुसतं पळायचं."

"मोकळंच?" त्यांना ते पटलं नाही. "बरं. आलाच हाईस तर पळव."

लाऊडस्पीकरवर माझा नंबर पुकारला. झेंडा पडला आणि मी गाडी सोडली. खरं सांगतो, सरळ पट्ट्यात ती अशी उडाली की मला वाटलं, आलाच आपला पहिला नंबर. मग पहिलं वळण आलं. मागं वजनच नाही, तिचं बूड भेलकांडायला लागलं, आणि दोरीपलीकडं उभ्या आबांनी गमछा हलवला. बस. माझ्या पायानं मला विचारलंसुद्धा नाही. तो आपोआप उचलला गेला.

मग काय, प्रत्येक वळणावर पाय वर. गाडीचं सगळं काढलं होतं, पायातली केळी काढायची राहून गेली होती. मी एकेका शंकूला वळसा घालत असा गेलो, जसा मागं पिकलेला माल आहे आणि व्यापारी शेजारी बसलाय. एका ठिकाणी तर मी हात बाहेर काढून वळायची खूण केली.

लाऊडस्पीकरवाला म्हणाला, "पिकअपवाल्या भावांचा सराव झाला असेल तर त्यांनी आता फेरी सुरू करावी."

माझी फेरी तेव्हा संपत आली होती.

शेवटचा नंबर माझा. आमच्या गटातला नाही, अख्ख्या मैदानातला. मी मान खाली घालून आबांकडं गेलो, तर ते प्रसन्न. "एक बी केळ काळं पडलं नसतं," ते शेजारच्याला सांगत होते. "माझं पोरगं हाय."

मग त्यांनी माझ्यापुढं हात केला. "चावी आण. सौदा झालाय."

फुगलेल्या खिशातून त्यांनी माझा रुमाल काढला, खंडोबा डॅशबोर्डवर बसवला, नमस्कार केला आणि स्टिअरिंगवर बसले. मी दुसऱ्या बाजूनं दार उघडलं. तिथं सीट नव्हती. मीच काढली होती.

"मी कुठं बसू?"

"मागं बस. मागं वजन न्हाई म्हणून उडून राहिली ती."

लातूरपासून अर्धापूरपर्यंत मी उघड्या हौद्यात बसून आलो. धरायला कठडा नाही, टेकायला फाळका नाही. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून हेल्मेट पुन्हा चढवलेलं. आबा प्रत्येक वळणावर पाय उचलत होते, तेवढं मात्र कबूल करतो.

लोह्याला ते चहाला थांबले. हॉटेलवाल्यानं कप देता देता माझ्याकडं निरखून बघितलं. बिनफाळक्याची गाडी, दारावर नंबर, आणि मागं मांडी घालून बसलेला हेल्मेटवाला.

"बाबा," त्यानं विचारलं, "मागं काय घेऊन चाललाव?"

आबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि मागं न बघता म्हणाले, "वजन."