कानबाई बसली ती खुर्ची

उधन्याच्या कारखान्यात मागांची लाकडी कामं करता करता निंबा सुताराचे केस पांढरे झाले. मग नवे लोखंडी माग आले आणि निंबाचं काम गेलं. तेव्हा रश्मीताईंनी त्याला आपल्याकडे कामाला बोलावलं. बँकेतल्या एका साहेबांची ही मुलगी अहमदाबादेत शिकून आलेली, आणि बमरोलीच्या एका शेडमध्ये खुर्च्या घडवायची. खुर्च्या म्हणायचं आपलं! एकीची पाठ लाटेसारखी उसळलेली, दुसरीचे पाय पिळलेले. पैसेवाली माणसं यायची, भोवती फिरायची, वाहवा करायची आणि उभीच राहायची. विकत नेलेली खुर्चीही म्हणे दिवाणखान्यात नुसती बघायला ठेवत. निंबाला मनापासून वाईट वाटे. जिच्यावर कुणी टेकत नाही, ती खुर्ची केली काय अन् न केली काय!

शहाण्णव साली ताई म्हणाल्या, "निंबाभाऊ, यंदा एक वस्तू पूर्ण तुमच्या मनाची करा. अहमदाबादच्या प्रदर्शनात तुमच्या नावानं मांडू."

जन्मभर दुसऱ्याच्या मापानं रंधा मारलेला माणूस तो. हरखूनच गेला. शिसवाची बुटकी, रुंद खुर्ची त्यानं घडवली, बसायची जागा म्हशीच्या पाठीसारखी मधे किंचित दबलेली. श्रावणात शेडचं छप्पर गळायला लागलं, म्हणून शेवटचा हात फिरवायला ती डिंडोलीला घरी आणली.

इथेच घोळ झाला. नागपंचमीनंतरचा रविवार, घरोघर कानबाई बसायची. निंबा बाजारातून केळीचे खांब घेऊन येतो तो काय, बायकोनं, प्रमिलानं, देवी थेट त्या खुर्चीवर मांडलेली. नारळ, नथ, हिरवं लुगडं, सगळं साग्रसंगीत!

"अव, हाई खुर्ची शे!" तो ओरडला.

"माणूससाठे इतलं चांगलं कोन करस?" प्रमिला शांतपणे म्हणाली.

यावर रागवावं की फुलावं, निंबाला कळेना. दिवसभर अख्खी गल्ली येऊन डोकं टेकवून गेली. जाताना बायकांनी बजावलं, हे आता देवीचं आसन, यावर माणसानं बसायचं नाही आणि ते घराबाहेरही जायचं नाही. प्रदर्शन बोंबललं, असंच निंबाला वाटलं.

सोमवारी कानबाई तापीवर पोचवून सगळे परतले, तोच रश्मीताई टेम्पो घेऊन दारात. हकिगत ऐकून त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं. पण तुमचं नाव व्हायची ही संधी आहे. पुन्हा येईलच असं नाही."

हे काय निंबाला ठाऊक नव्हतं? उचला म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि त्याचं लक्ष प्रमिलाकडे गेलं. दोन दिवस नैवेद्याचे रोट रांधून, पंगती वाढून तिचे पाय सुजले होते. पाहुणी आली म्हणून ती रीतीप्रमाणे भिंतीला टेकून उभी होती. आयुष्यभर अशीच उभी असायची, आणि याला ते आज दिसलं.

"बठ," तो म्हणाला.

"माय व! पाप लागी."

"कानबाई तिना घर गई. आते तू बठ."

दारातल्या बायका कुजबुजल्या. प्रमिला अंग चोरून जेमतेम टेकली. मग जरा मागे सरकली. मग पाय लांब केले, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघांत डोळे मिटून स्वस्थ बसली.

"टेम्पोवाला थांबलाय," रश्मीताई हळूच म्हणाल्या.

"त्याला जाऊ द्या, ताई," निंबा म्हणाला. "ती आत्ता कुठे बसली आहे."