टांग्यातली शिकवणी

वडील पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागले, त्या वर्षी मी पुण्याच्या इंग्रजी शाळेची प्रवेश परीक्षा देणार होते. "नापास झालीस तर शिक्षण पुरे," असं वडिलांनी बजावलं होतं. त्यामुळे चिंचवड गावातून स्टेशनाजवळच्या शिकवणीला जाताना मी टांग्यातसुद्धा समानार्थी विशेषणं घोकत असे: लेझी, आयडल, स्लगिश.

टांगेवाल्याच्या कानावर कायम विडी खोचलेली असे. एकदा मान न वळवता त्याने विचारलं, "कुनाला म्हनायचं ह्ये?"

"आळशाला."

दुसऱ्या दिवसापासून घोड्याला नवी नावं मिळाली. "चल रं आयडल्या! हल की स्लगिशा!" आणि घोडा चक्क पळू लागला.

"मराठी शिव्यांना कोडगा झालाय ह्यो," टांगेवाला म्हणाला. "इंग्रजीत बोललं की वाटतंय, टांग्यात सायेब बसलाय."

परीक्षेत भीतीने डोकं रिकामं झालं होतं. पेपरात 'लेझी' दिसला आणि बाकीचे दोघे टापा वाजवतच आले. मला हसू फुटलं, भीती पळाली.

निकालानंतर मी टांगेवाल्याला पेढा दिला. त्याने तो स्वतः न खाता खाली उतरून घोड्यापुढे धरला.

"खा रं आयडल्या," तो म्हणाला. "पास झालास."