माझ्या वेळापत्रकातली ओहोटी

अभ्यास मी केला. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, मी बी.कॉम. झाले, तेही फर्स्ट क्लासमध्ये. आणि निकालाच्या दिवशी आईनं हात जोडले ते हरिहरेश्वराला. "देवानं पास केलं गो तुला," म्हणाली. माझं डोकंच फिरलं. पहाटे उठून गणितं सोडवायला देव आला होता का? वर तिनं परस्पर नवस बोलून ठेवलेला: लेक पास झाली की ती प्रदक्षिणा घालील. म्हणजे मी. मला न विचारता! पाच वर्षं मी तो नवस टाळला.

गेल्या वर्षी आईचे गुडघे गेले आणि तिनं रोजचं टुमणं लावलं, की नवस राहिलाय म्हणूनच हे. त्याच आठवड्यात ऑफिसातही माझा संताप चालू होता. न्हावा शेव्याला मालाची कागदपत्रं करणाऱ्या ऑफिसात मी आहे. टेबलावरचं काम माझ्याइतकं चोख कुणाचं नाही. साहेबांनी विचारलं, परदेशी पार्ट्यांशी फोनवर बोलायचं काम घेशील का, सोमवारी सांग. मी नकार ठरवून टाकला होता. घरी सांगितलं, जास्तीचं काम गळ्यात मारतायत. खरं कारण वेगळं होतं. इंग्रजी मला लिहिता येतं, बोलताना जीभ अडते. कॉलेजात एकदा अडखळले तेव्हा अख्खा वर्ग हसला होता. त्यानंतर ‘मला येत नाही’ हे वाक्य मी कुणापुढे उच्चारलं नव्हतं.

शेवटी शनिवारी आईला घेऊन उरणहून हरिहरेश्वरला निघाले. तिथली रीत अशी, की आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि शेवटी पुन्हा काळभैरव. प्रदक्षिणेची वाट टेकडीवरून कातळातल्या पायऱ्यांनी थेट समुद्राशी उतरते. ओहोटीलाच ती चालता येते. देवळाबाहेर कोकम सरबतवाल्या काकांनी हटकलं, "ताई, पाणी फिरलंय. उद्या करा." मला रागच आला. बंदराच्या ऑफिसात बसते मी. जहाजांसाठीचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक रोज डोळ्यांखालून जातं. "अजून अर्धा तास ओहोटी आहे," त्यांना ऐकवलं. आई भैरवाच्या पायरीवर बसली आणि मी तणतणत निघाले.

वेळापत्रक बरोबर होतं. फक्त ते आमच्या बंदराचं होतं. खाडीच्या आत पाणी उशिरा फिरतं, उघड्या किनाऱ्यावर आधी, हे मला माहीत नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

कातळाच्या वळणावर पोचले तर पुढची वाट पाण्याखाली. मागे वळले, तोच एक लाट गुडघ्यापर्यंत येऊन गेली. शेवाळावर पाय ठरेना. त्या घडीलाही मी चिडलेलीच होते, हे कबूल करते. ओरडले, "बुडव आता! नवस आईनं बोलायचा आणि मरायचं मी!"

"कोनाशी भांडतेस गो?"

वरच्या कातळावर कासोटा घातलेली एक बाई उभी होती, डोक्यावर टोपली. "खाली बस. उभी राहिलीस तर जाशील."

"मला चालता येतं!"

"दिसतंय ना! बस म्हनते. हातापायांवर ये, रांगत."

इस्त्रीच्या ड्रेसमध्ये मी रांगायचं? पण दुसरी लाट कमरेला लागली आणि तोंडून निघून गेलं, "मावशी, मला नाही येत. भीती वाटतेय मला."

"मग असं बोल की," म्हणत ती खाली उतरली आणि माझं मनगट घट्ट धरलं. कालवांच्या शिंपल्यांनी गुडघे सोलवटत मी तिच्यामागे पायऱ्यांपर्यंत रांगत आले.

"शिकलेली दिसतेस."

"बी.कॉम. आहे," मी सवयीनं सांगितलं.

"असशील. पान्याला काय म्हाईत?"

कालवं काढणाऱ्या बायका केव्हाच वर गेल्या होत्या. हिचं कालवं फोडायचं लोखंडी हत्यार खडकावर राहिलं होतं, म्हणून ती एकटीच परत फिरली होती. माझ्या नादात ते शोधायचं राहूनच गेलं. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

आईपाशी येऊन रडले. म्हटलं, प्रदक्षिणा अर्धीच झाली. तिनं पदरानं माझे गुडघे पुसले. "जिवंत आलीस न्हवं? मग झाली. देव काय मोजपट्टी घेऊन बसलाय?" मग भैरवासमोर मी हात जोडले. त्या दिवशी त्याला जाब विचारावासा वाटला नाही.

सोमवारी साहेबांना सांगितलं, "काम घेते. पण बोलताना मी अडखळते, मला शिकवावं लागेल." पहिल्याच फोनवर तीनदा ‘पुन्हा सांगा’ म्हणावं लागलं. शेजारच्या टेबलावरचा हसला. हसू दे.

अभ्यास माझाच होता, हे आईला मी आजही ठणकावून सांगते. पण त्या वळणावर माझं सगळं शिक्षण तोकडं पडलं होतं, आणि ते मी बोलून दाखवलं तेव्हाच हात मिळाला. तो कुणी पाठवला, यावर मी आता वाद घालत नाही. मनातल्या मनात पाया पडते. राहिलेली अर्धी वाट यंदा पुरी करायची आहे. निघण्याआधी सरबतवाल्या काकांना विचारीन, पाणी कधी फिरतं.